चौबगल्याखालची फुली

बारामतीच्या पेठेमागच्या आळीत सारजा नांदायला आली तेव्हा तिला सुईत दोरासुद्धा धड ओवता येत नव्हता. माहेर सुप्याचं. तिकडं पाऊस बेताचा, बाईच्या हातात खुरपं नाहीतर शेळीचं दावं. सुई लागायची ती पायातला काटा काढायला. शिवण तिला शिकवलं सासूनं, बनाबाईनं. दारात, उजेडाला तोंड करून दोघी समोरासमोर बसत. बनाबाई डावखुरी होती. त्यामुळं तिचा डावा हात आणि सुनेचा उजवा एकाच बाजूला चालत, एकाच वेळी वर येत. आळीतल्या बाया हसत, पण महिनाभरात सारजाच्या हाताला वळण लागलं. फरक एवढाच, की सगळ्या बायकांच्या तुरपाईचे टाके उजवीकडं कलत आणि बनाबाईचे डावीकडं. तिचं काज दहा काजांत ठेवलं तरी ओळखू यायचं.

काम मोहनरावाचं. पेठेत त्याचं कापडाचं दुकान होतं. मांजरपाटाची ठाणं दौंडच्या गाडीनं यायची, रावजी नावाचा म्हातारा कारागीर ती बेतायचा, आणि बेतलेल्या बंड्या-पैरणींची गाठोडी बांधून आळीतल्या बायकांना घरी शिवायला दिली जायची. दुकानात दोन शिवणयंत्रं होती. पण यंत्रावर बसणाऱ्याला रोज द्यावा लागतो, सावली द्यावी लागते, त्यानं पाणी मागितलं तर तेही द्यावं लागतं. बायका आपल्या घरात बसत, आपल्या चिमणीत आपलं तेल जाळत आणि आपले डोळे फोडून घेत. सुई त्यांची, दोराही त्यांचाच. एका बंडीच्या शिवणावळीत एका वेळची भाकरी निघे, कालवण निघत नसे.

त्यातही खोट निघे. दर गुरुवारी, बाजारच्या दिवशी, बायका शिवलेला माल घेऊन दुकानाच्या पायरीशी बसत. मोहनराव गादीवरून एकेक बंडी उजेडात धरी, आणि तीनचारांत एक तरी बाजूला टाकी.

"ही बघ, कड वाकडी आहे. खोट आहे हिच्यात."

मग गळपट्टीच्या आतल्या बाजूला निळ्या खडूनं फुली मारायची आणि ती बंडी आतल्या खोलीत फेकायची. फुलीच्या मालाला शिवणावळ नाही. बंडीही परत नाही, कारण कापड मालकाचं. त्या बंड्यांचं पुढं काय होतं हे कुणी विचारत नसे. विचारणारीला पुढच्या गुरुवारी गाठोडं मिळत नसे.

बनाबाईनं वीस वर्षं अशी काढली. तिचा मुलगा भीमा, सारजाचा नवरा, इंदापूरच्या बाजूला नव्यानं निघालेल्या साखर कारखान्यावर मजुरीला होता. गळीत सुरू झालं की पाचसहा महिने तिकडंच. घरात सासूसुना दोघीच. दोघींचं भांडण असं कधी झालंच नाही म्हटलं तर खोटं होईल. मिठावरून व्हायचं, चुलीच्या धुरावरून व्हायचं. पण सुई हातात घेतली की दोघी गप्प.

पस्तीस सालच्या चैत्रातली गोष्ट. गुरुवार होता, दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं. सांगवीची, शेळगावची बागाईतदार मंडळी लग्नाचा बस्ता बांधायला आलेली. मोहनरावानं एक ठाण मागवलं आणि ते जागेवर सापडेना. पांढरंशुभ्र, तलम, खास कुणासाठी तरी मुंबईहून आणवलेलं. गिऱ्हाइकांसमोर त्याची फजिती झाली. त्यानं इकडं तिकडं पाहिलं. पायरीशी सगळ्यात पुढं बनाबाई बसली होती.

"म्हातारे, उभी राहा. ओच्यात काय आहे?"

"काय न्हाय, मालक. चिंध्या हायत्या वाईच. रावजीतात्यांना इचारून घेतल्या."

"सोड ओचा."

बनाबाई साठीची बाई. उभ्या बाजारात, पंचवीस पुरुषांसमोर तिनं कमरेचा ओचा सोडला. खाली चिंध्या पडल्या, सुपारीचं एक खांड पडलं, आणि फडक्यात बांधलेली भाकरी पडली. ठाण पडलं नाही. वीस वारांचं ठाण ओच्यात मावत नाही हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण मोहनरावाला आता मागं फिरता येईना.

"चिंध्या निघाल्या ना? मग ठाणही हिनंच पार केलं असणार. उद्यापासून पायरी चढायची नाही."

सारजा तिथंच, दोन हात अंतरावर होती. तिनं खाली वाकून भाकरी उचलली, सासूच्या खांद्यावरून पदर सारखा केला आणि तिला घरी आणलं. ती एक शब्द बोलली नाही. पुढं कितीतरी वर्षं तिला त्या न बोलण्याचाच सगळ्यात जास्त राग येत राहिला.

बनाबाईला रोग असा काही झाला नाही. तिनं सुई धरायची सोडली, एवढंच. दारात बसायची, डावा हात मांडीवर उताणा टाकून. येईल जाईल त्याला सांगायची, "मी न्हाय नेलं." भाजीवालीला सांगायची. पाणी भरायला चाललेल्या पोरींना सांगायची. पोरी आधी थांबत, मग थांबेनाशा झाल्या. जेवण कमी होत होत श्रावणात ती गेली. शेवटच्या दिवशी भीमा उशाशी होता. त्यालाही तिनं तेच सांगितलं, जणू त्यालाच शंका होती.

दिवस झाले, भीमा कामावर गेला, आणि सारजा गाठोडं आणायला पुन्हा दुकानात गेली. पोट होतं, दुसरं काय करणार? मोहनरावानं तिच्याकडं पाहिलं, जरा घसा खाकरला आणि गाठोडं दिलं. सासूबद्दल अवाक्षर नाही.

दसऱ्याच्या आधी एके दुपारी रावजी तिच्या दारात येऊन उभा राहिला. चाळीस वर्षं कात्री चालवून त्याचा अंगठा वाकडा झालेला. पाणी प्याला, तांब्या खाली ठेवला, तरी उठेना.

"सारजे, मला माफ कर."

"काय झालं, तात्या?"

"ते ठाण... ते घरातच हुतं. मालकिणीनं उशांचे अभ्रे शिवायला म्हणून नेलं हुतं, सांगायची राहिली. आठ दिसांत पेटीत गावलं. मालकानं मला बोलावून दाखवलं, आन् म्हनला, कुठं बोलू नगं."

सारजाच्या हातातली बंडी तशीच राहिली.

"आठ दिसांत? म्हंजी आत्याबाई जित्या हुत्या तवा?"

रावजीनं मान खाली घातली.

"चार महिनं जित्या हुत्या, तात्या. रोज दारात बसून सांगत हुत्या. तुमी ह्याच वाटंनं जात हुता."

"पोट हाय गं मला बी."

"व्हय," सारजा म्हणाली. "सगळ्यांस्नीच हाय."

रावजी गेला. सारजानं ती बंडी पुरी केली, एकही टाका वाकडा पडू दिला नाही. तोवर तिला दुःख होतं. त्या दुपारपासून दुःख बाजूला झालं आणि त्या जागी दुसरंच काहीतरी येऊन बसलं, आणि ते तिला दुःखापेक्षा बरं वाटलं. त्याला भूक लागत होती, झोप लागत होती. ते वाट बघू शकत होतं.

संक्रांतीला भीमा दोन दिवस घरी आला. अंगात नवी बंडी होती. कारखान्याच्या भांडारातून मजुरांना बंड्या मिळत आणि पगारातून कापून घेत. चांगली, दाट शिवणीची बंडी. तो अंघोळीला गेला तेव्हा सारजानं ती धुवायला घेतली, उलटी केली, आणि तिचा हात थांबला. काजांचे टाके डावीकडं कललेले.

तिनं ती उन्हात धरली. बनाबाईचाच हात. तळाची तुरपाई पाहिली, तीही तशीच. गळपट्टीच्या आत शिवणीच्या खाचेत निळ्या खडूची पूड राहिली होती. आत्याबाईंची ही बंडी मोहनरावानं खोट म्हणून फेकली होती, तिची शिवणावळ बुडवली होती, आणि तीच कारखान्याला पक्का माल म्हणून विकली होती. तिच्या लेकानं ती आपल्या घामाच्या पगारातून विकत घेतली होती.

भीमा ओल्या अंगानं बाहेर आला. सारजानं त्याला टाके दाखवले. तो शिकलेला नव्हता, पण आईचा टाका ओळखत होता. लहानपणापासून अंगावर वागवला होता. त्यानं बंडी तोंडाशी धरली. मग कोपऱ्यातली कुऱ्हाड घेतली.

सारजा दारात आडवी झाली.

"बाजूला हो. खांडोळी करतो त्येची."

"अवं, तुमी त्याला माराल, आन् सरकार तुमाला फाशी देईल. लोक म्हनतील, चोरटीचा पोरगा, खुनी निघाला. आत्याबाईंवरचा डाग तसाच ऱ्हाईल. मला तो मेलेला नगं हाय. मला तो जित्ता पायजे, पायरीवर, लोकांम्होरं."

भीमानं तिच्याकडं पाहिलं. बायकोचा हा आवाज त्यानं ऐकलेला नव्हता. त्यानं कुऱ्हाड ठेवली.

त्यानंतर सारजा बदलली. लोकांना दिसेल अशी बदलली. दुकानात सगळ्यांच्या आधी जाऊन पायरी झाडायची. मोहनरावानं फुली मारली तर "चुकलंच माझं, मालक" म्हणायची. मालकिणीला घरी जाऊन पापड लाटू लागायची. आळीतल्या बायकांना हे सहन होईना. शेजारची छबूबाई, जिनं बनाबाईला शेवटची अंघोळ घातली होती, ती एक दिवस नळावर सगळ्यांसमोर थुंकली.

"सासूच्या मढ्यावर पाय दिऊन वर चढतीया ही. लाज कशी वाटत न्हाय?"

सारजानं घागर उचलली आणि निघाली. तिला सांगता आलं असतं. पण नळावर सांगितलेलं दुकानात पोचायला घटकाही लागत नाही.

मोहनराव मात्र खूश होता. अपराध केलेल्या माणसाला ज्याचा अपराध केला त्यानंच लाचारी दाखवली की फार बरं वाटतं; आपलं काही चुकलं नव्हतं असं त्याला वाटायला लागतं. शिमग्याच्या सुमारास त्यानं सारजाला आतल्या खोलीत बोलावलं. भिंतीशी फुलीच्या बंड्यांचा ढीग होता, कमरेएवढा.

"सारजे, तू विश्वासाची आहेस. ह्यांच्यावरचा खडू ओल्या फडक्यानं पुसायचा, सुरकुती काढायची, घडी घालून चांगल्या मालात मिसळायचं. गोरगरिबांना देऊन टाकतो मी हे स्वस्तात. वाया कशाला घालवायचं? पण बाहेर बोलायचं नाही."

"न्हाय बोलत, मालक. माझी सुई घिऊन येते. एखादा टाका उसवला असंल तर घालीन."

"घाल, घाल."

बंडीच्या बगलेत कापडाचा एक चौकोनी तुकडा बसवतात, हात वर करताना बंडी फाटू नये म्हणून. त्याला चौबगला म्हणतात. आतल्या बाजूनं त्याची कड दुमडलेली असते, आणि त्या दुमडीखाली बघायला कुणी जात नाही. सारजा गळपट्टीवरची खडूची फुली पुसायची आणि चौबगल्याच्या दुमडीखाली निळ्या दोऱ्याची फुली घालायची. दोनच टाके. हरभऱ्याच्या डाळीएवढी. खडू पुसला जातो, दोरा धुतला तरी राहतो.

सारा उन्हाळा, सारा पावसाळा ती हे करत होती. प्रत्येक फुलीला ती मनात एक नाव घेई. ही छबूबाईची, पोर तापानं फणफणत असताना शिवलेली. ही रंगूबाईची, एक डोळा गेल्यानंतरची. मधूनच जुन्या ढिगातून एखादी डाव्या टाक्यांची निघे. त्या बंडीला फुली घालताना तिचा हात जड होई, पण ती घाली. मोहनरावावर तिला कधी ओरडावंसं वाटलं नाही. त्याला हसताना पाहिलं, पान खाताना पाहिलं की ती मनात म्हणे, खा. अजून थोडे दिवस खा.

छत्तीस सालचा दसरा गेला. गळिताचा हंगाम तोंडावर आला, कारखान्याचा माल उचलायचा दिवस ठरला. भांडाराचे मुख्य आबासाहेब स्वतः मोटार घेऊन बारामतीला येणार होते. कडक माणूस, पण हिशोबाला सरळ, असं भीमानं सांगितलं होतं. आणि दिवस गुरुवारचाच निघाला. सारजानं आदल्या दिवशी आळीतल्या घराघरांत जाऊन एवढंच सांगितलं, "उद्या समद्याजणी पायरीवर या. काय बोलू नगा. मी बोलंन." छबूबाईनं दार लावून घेतलं. पण आली तीही.

बाजार भरला होता. बंड्यांचे गठ्ठे ओट्यावर रचलेले, आबासाहेब खुर्चीवर, मोहनराव हात चोळत उभा. आबासाहेबांनी वरची एक बंडी पाहिली, मान डोलावली.

"माल चांगला दिसतो."

"पक्का माल, साहेब. एक खोट सापडायची नाही."

सारजा पायरी चढली. बाजारच्या दिवशी, गिऱ्हाइकांदेखत बाई पायरीच्या वर चढते हेच त्या दुकानात नवीन होतं.

"साहेब, एक बंडी उलटी करा. चौबगल्याची दुमड वर उचला."

"सारजे, खाली उतर!" मोहनराव ओरडला.

आबासाहेबांनी एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं, आणि बंडी उलटी केली. काही नव्हतं. दुसरी केली. निळी फुली. तिसरी, चौथी रिकामी. पाचवीला फुली.

"हे काय आहे?"

"मालकांची खूण हाय. आमी शिवून आणलेल्या मालातली जी त्यास्नी खोटी वाटती, तिच्यावर ते खडूची फुली मारत्यात. तिची शिवणावळ आमाला न्हाय. पुसायचं काम माझ्याकडं दिलं. मी खडू पुसला आन् दोरा घातला, फुली जाऊ नये म्हनून." ती वळली. "मोहनराव, ह्या बंड्या खोट्या का चांगल्या? साहेब हायत, बाजार हाय. सांगा."

आळीतल्या कुणी बाईनं त्याला कधी असं नावानं हाक मारली नव्हती. बाजारातली माणसं भाजीच्या पाट्या टाकून ओट्याशी गोळा झाली.

मोहनरावाला घाम फुटला. खोट्या म्हणावं तर कारखाना हातचा जातो, शिवाय फसवणूक. चांगल्या म्हणावं तर इतक्या वर्षांची शिवणावळ बुडवली हे सगळ्यांसमोर कबूल होतं. त्यानं ओठ ओले केले. सारजा त्याच्या तोंडाकडं अशी बघत होती की तिला एकही क्षण सुटायला नको होता.

"माल... माल चांगला आहे, साहेब."

"मग फुली कशाची?" मागून छबूबाईचा आवाज आला. ती पुढं घुसली, गठ्ठ्यातली एक बंडी ओढून तिनं टाके पाहिले. "ही माझी हाय! ही माझी बंडी हाय! पोर निपचित पडलं हुतं तवाची!" बाकीच्या बायाही गठ्ठ्यांवर तुटून पडल्या. आपला टाका आपल्याला ओळखायला काय वेळ लागतो? जिला तिला आपली बंडी सापडायला लागली.

"फुल्या मी नाही मारल्या!" मोहनराव म्हणाला. "रावजी मारतो. सगळं तो बघतो. म्हाताऱ्याला दिसत नाही नीट..."

रावजी कात्री घेऊन कोपऱ्यात बसला होता. चाळीस वर्षांत त्यानं त्या दुकानात आवाज चढवला नव्हता. तो उठला.

"म्या मारल्या व्हय, मालक? मग ठाण बी म्याच नेलं हुतं? साहेब, गेल्या साली हितं एका म्हातारीचा ओचा सोडायला लावला ह्यांनी. चोर म्हनलं. ते ठाण ह्यांच्या पेटीत गावलं आठ दिसांत. मला दाखवलं. म्या गप बसलो. ती म्हातारी मेली."

आबासाहेब उठले. बंडीची घडी घालून त्यांनी ती गठ्ठ्यावर ठेवली.

"आज माल नेतो, कारण मजूर उघडे आहेत. ह्यापुढं तुमचा माल नको."

मोटार गेली. मोहनराव गादीवर बसला, पण बसल्यासारखा नाही, टाकल्यासारखा. सारजा त्याच्यासमोर तशीच उभी राहिली. तिला तिथून हलवेना. वर्षभर ज्याची वाट पाहिली तो चेहरा तिला पोटभर बघून घ्यायचा होता. आणि तिनं घेतला.

पण गोष्ट इथं संपली नाही, कारण दुसऱ्या गुरुवारी कुणालाच गाठोडं मिळालं नाही. कारखान्याचा माल बंद, मोहनरावानं दुकान अर्धं मिटलेलं, आणि पेठेतले बाकीचे कापडवालेही या बायकांना दारात उभं करेनात. उद्या आपल्याही मालात काय शिवून ठेवतील कुणी सांगावं? थंडीच्या दिवसांत आळीतल्या बायका कालव्याकाठच्या उसात खुरपायला आणि तोडीला गेल्या. सुईची सवय झालेले हात उसाच्या पात्यांनी फाटले.

छबूबाई पुन्हा सारजाच्या दारात आली. या वेळी थुंकली नाही.

"तुजा सूड झाला, सारजे. माजी चूल इझली."

सारजा उठली, डब्यातलं होतं नव्हतं ते पीठ दोन ठिकाणी केलं, अर्धं छबूबाईच्या पदरात घातलं. छबूबाई म्हणाली, "पीठ मागाय न्हवतं आले," पण घेऊन गेली. त्या दिवसापासून सारजाही तिच्याबरोबर तोडीला जाऊ लागली. पुढं तिला कुणी विचारलं, तेव्हा त्या बायकांचे हाल व्हायला नको होते असं ती म्हणे. पण केलं ते चुकलं असं ती कधीच म्हणाली नाही.

माघात मोहनराव स्वतः आळीत आला. लग्नसराई तोंडावर आलेली. यंत्रांवर बसवलेल्या दोघांच्या हातचा माल लोक परत आणत होते. आणि बायका त्याचं गाठोडं घ्यायला तयार नव्हत्या. सारजा म्हणेल तेव्हा, असं सगळ्यांनी सांगितलं होतं. उसात राबतानाच त्यांचं हे ठरलं होतं.

"सारजाबाई," तो म्हणाला. नुसतं सारजे म्हणायचा तो. "शिवणावळ वाढवतो. मागची बुडालेलीही देतो. झालं गेलं विसरा."

"बायांची अट येगळी हाय. ज्या बंडीत खोट काढाल, ती बंडी शिवणारीला परत द्यायची. कापड तुमचं असलं तरी. मग बघू किती बंड्यांत खोट निघती."

त्यानं दातओठ चावले, पण मान डोलावली.

"आन् माझी अट येगळी. गुरुवारी पायरीवर उभं ऱ्हायचं आन् बनाबाईनं ठाण नेलं न्हवतं, मला ठावं असून मी गप बसलो, हे तुमच्या तोंडानं सांगायचं. मग मी बायांस्नी अडवणार न्हाय."

"ते रावजीनं सांगितलंच की सगळ्यांना."

"रावजीतात्यांनी न्हवता सोडाय लावला ओचा."

"जास्त पैसे घे."

"न्हाय."

तो गेला. दोन गुरुवार गेले. तिसऱ्या गुरुवारी तो पायरीवर उभा राहिला. डोक्यावर पागोटं, पायांत जोडा, आणि तोंड असं की जणू कुणी मागून धरून उभं केलंय. तो पुटपुटला. सारजा पुढं बसली होती, जिथं बनाबाई बसायची तिथंच.

"मोठ्यानं," ती म्हणाली. "रंगूबाईला कमी ऐकू येतं."

त्यानं मोठ्यानं सांगितलं. बनाबाईनं ठाण नेलं नव्हतं. ते माझ्या घरात होतं. मला कळलं होतं. मी बोललो नाही.

"पुन्यांदा."

बाजारात कुणीतरी "पुरे आता" म्हणालं. सारजानं तिकडं बघितलंही नाही. मोहनरावानं पुन्हा सांगितलं, आणि या वेळी सांगता सांगता त्याचा आवाज फाटला. मग त्यानं स्वतः गाठोडी वाटली. छबूबाईला दिलं, रंगूबाईला दिलं. शेवटचं गाठोडं सारजासमोर धरलं.

"ठेवा ते," ती उठत म्हणाली. "मी बायांस्नी अडवणार न्हाय, एवढंच बोलले हुते. माझा टाका तुमाला ह्या जलमात मिळायचा न्हाय."

आणि मिळाला नाही. बायकांची अट मात्र चालू राहिली. पहिल्या वर्षी मोहनरावानं खोट काढलेल्या बंड्या एका हाताच्या बोटांवर मोजता आल्या असत्या. सारजा पुढं आठवड्यातून दोनदा शेळगावपर्यंत पायी जाई, शेतकऱ्यांच्या घरी बसून चोळ्या, बंड्या, बाळाची अंगडी शिवून देई, आणि शिवलेला माल घालणाऱ्याच्या हातात देऊन त्याच हातातून धान्य घेई. कष्ट तेवढेच होते, पण खोट काढायला मध्ये कुणी नव्हतं.

एकोणचाळीस साली मोहनरावाला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली. मालकिणीनं निरोप पाठवला, एकदा येऊन जा, ते तुझं नाव घेतात, त्यांना काही बोलायचंय. भीमा तेव्हा घरी होता. निरोप्या गेल्यावर तो म्हणाला, "जाऊन ये की. मरणारा माणूस हाय."

"आत्याबाई चार महिनं बोलत हुत्या. त्यो आला हुता ऐकाय?"

भीमा म्हणाला, "एवढं केलंस, सारजे. अजून निवली न्हाईस?"

सारजानं शिवण खाली ठेवलं नाही. "आत्याबाई परत आल्या का?"

"न्हाय."

"मग कशी निवंन?"

पंधरा दिवसांनी मोहनराव गेला. पेठेतून अंत्ययात्रा निघाली तेव्हा आळीतल्या बऱ्याच बायका बघायला कोपऱ्यापर्यंत गेल्या. सारजा दारात बसली होती. शेळगावच्या एका घरी बारसं होतं आणि कुंची तिला त्या दिवशीच पोचवायची होती.